पडदे ओढून केर काढणारे दळवी

घरकामाला माणूस ठेवायचा म्हणजे नक्की काय करायचं असतं, हे मला बहरीनला जाऊन काही वर्षं होईपर्यंत माहीत नव्हतं. सांगलीला आमच्याकडं पारूबाई होती, पण ती माझ्या जन्माच्या आधीपासून होती. तिला कुणी ठेवलेली नव्हती, ती होतीच. लग्न करून मी अदलियातल्या त्या कोल्ड स्टोअरवरच्या, म्हणजे किराणा दुकानावरच्या, फ्लॅटमध्ये आले आणि केर, फरशी, भांडी सगळं आपलं आपण करायला लागले. मग ऐंशी सालाच्या आसपास कमरेनं दगा दिला. डॉक्टर म्हणाले, वाकायचं नाही. बहरीनमध्ये वाकायचं नाही म्हणजे धुळीत लोळायचं. सकाळी टीपॉय पुसावा तर दुपारी त्यावर बोटानं नाव लिहिता यायचं.

खालच्या कोल्ड स्टोअरच्या मल्याळी मालकाला मी सांगितलं, सफाई के लिए कोई हो तो भेजना. दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, चकचकीत बूट आणि हातात ब्रीफकेस. वय पन्नाशीकडं झुकलेलं, मिश्या कोरलेल्या.

"नमस्कार. मी दळवी. खालून कळलं," ते म्हणाले.

मला वाटलं, विम्याचे एजंट. मराठी माणूस दारात आलाय म्हटल्यावर मी बसवलं, चहा केला, चिवडा दिला. ते सोफ्याच्या अगदी कडेला बसून विचारत होते, घरात माणसं किती, खिडक्या कुठल्या दिशेला, गालिचा बारा महिने असतो की फक्त थंडीत. मी आपली एकेक उत्तर देतेय. मनात म्हटलं, हल्ली विमा काढायला बरंच काही विचारतात. चहा संपला, कपबशी त्यांनी स्वतः उचलून मोरीत नेऊन विसळली आणि म्हणाले, "वहिनी, झाडू कुठं असतो तुमच्याकडं?"

माझं तोंड उघडं ते उघडंच. बाई येईल म्हणून मी जुन्या दोन साड्यासुद्धा काढून ठेवल्या होत्या.

पुढं त्यांनी त्यांच्या अटी सांगितल्या, मी माझ्या सांगायच्या आधी. पहिली, रस्त्याकडचे पडदे ओढलेले पाहिजेत. दुसरी, बेल वाजली तर दार ते उघडणार नाहीत. तिसरी, त्यांचं नाव मराठी मंडळात कुणाकडं काढायचं नाही. मी म्हटलं, अहो, तुम्ही केर काढायला येताय की दरोडा घालायला? ते हसले नाहीत. "झाकली मूठ, वहिनी," एवढंच म्हणाले. म्हणीचा पुढचा भाग ते कधीच बोलत नसत.

मग न्हाणीघरात जाऊन ते लुंगी-बनियनवर बाहेर आले. साहेबी कपडे घडी घालून ब्रीफकेसमध्ये. म्हणजे ब्रीफकेसमध्ये काय असतं ते कळलं. दिवाणखान्यात ठेवलेल्या झाडूला त्यांनी वाकून नमस्कार केला, लक्ष्मी म्हणून, आणि अरबीत "यल्ला", म्हणजे चला, म्हणत कामाला लागले. एकेक खोली झाली की स्वतःशीच "खलास" म्हणायचे. त्या झाडूच्या रोज पाया पडणारा माणूस, आणि तोच झाडू हातात असताना कुणी पाहिलं तर मेल्याहून मेल्यासारखं होणारा. मला पहिले कित्येक दिवस हे कोडं उलगडेना, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटायची. आमचे हे ऑफिसात, लेक मिनू शाळेत, पडदे ओढलेले, आणि घरात एक परका पुरुष. मी स्वयंपाकघरात उगाचच लाटणं हाताशी ठेवून बसायची.

लाटण्याची गरज मात्र दळवींमुळं नाही, जोगळेकरबाईंमुळं पडायची वेळ आली.

जोगळेकरबाई म्हणजे मंडळाच्या चिटणीस. न कळवता यायचा त्यांना परवाना होता. एका दुपारी बेल वाजली आणि जिन्यातूनच त्यांचा आवाज आला, "अगं, आहेस ना? आम्ही तिघी आहोत, गणपतीचं ठरवायचंय." दळवी हॉलच्या मधोमध, हातात फरशीचं फडकं.  बादली उचलून ते न्हाणीघरात शिरले आणि आतून कडी घातली.

बायका बसल्या. आरास, प्रसाद, नाटुकलं, कुणाच्या मुलीला राधा करायचं. माझं अर्धं लक्ष त्या दारावर. इतक्यात जोगळेकरबाई उठल्या. "जरा हात धुऊन येते."

"नळ गेलाय," मी म्हटलं.

"मग आतल्या मोरीत धुते."

"तिथलाही गेलाय. सगळ्या घराचाच गेलाय."

"आणि चहा कशाचा केलास?"

"भरून ठेवलं होतं पाणी," मी म्हटलं, आणि नेमकं त्याच वेळी न्हाणीघरात काहीतरी पडलं. मग्गा असावा. बाईंनी दाराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "मांजर शिरलंय कुठलंसं." मांजराला त्या भितात हे देवाच्याच कृपेनं. लगेच पर्स उचलली. पुढं आठवडाभर अख्ख्या मंडळात बातमी, की आमच्याकडं पाणी नाही आणि घरात मांजरं शिरतात.

दळवी बाहेर आले ते घामाघूम. पण न्हाणीघराच्या फरशा काचेसारख्या झालेल्या. "रिकामं बसवेना," म्हणाले. मग चहा घेताना पहिल्यांदा बोलले.

चिपळूणच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. घराणं मानकऱ्यांचं. शिमग्याला देवीची पालखी उठते तेव्हा पहिला खांदा दळवींचा. गावात सगळ्यांना ठाऊक, की दळवी बहरीनला ब्यांकेत आहेत. प्रत्यक्षात ते सकाळी एका कंपनीत फर्राश होते. चहा द्यायचा, टेबलं पुसायची, कागद इकडून तिकडं न्यायचे. दुपारी आमच्यासारखी घरं. बायकोलासुद्धा यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

"पण इतकं लपवायचं कशाला? कष्टच करता ना?" मी विचारलं.

"वहिनी, आमच्यात पुरुषानं झाडू धरला तर गडी समजतात. आणि बहरीनमध्ये कोण शिंकलं तर चिपळुणात रुमाल काढतात. दर विमानात दोन माणसं आमच्याकडची असतात. माझं जाऊ दे. पोरगी आहे माझी, कुंदा. मॅट्रिक झालीय. मानकऱ्याच्या घरात द्यायची म्हणजे बाप मानाचा लागतो."

 पटलं असं नाही, पण दुसऱ्याच्या घरातल्या भीतीला आपण बाहेरून शहाणपण शिकवू नये, एवढं मला कळत होतं.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग एक दिवस ते आले आणि ब्रीफकेस उघडलीच नाही. सोफ्याच्या कडेला बसून राहिले. आमचे हे घरी येईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "साहेब, वहिनी, एक मागणं आहे. नाही म्हणालात तरी राग नाही."

कुंदाला स्थळ आलं होतं. मुलगा रत्नागिरीला नोकरीला, घर पालखीच्या मानाचं, मुलीला पाहून पसंत करून गेलेले. राहिला होता फक्त बाप. आणि मुलाचे सख्खे मामा, मोहिते, नेमके बहरीनमध्येच एका कंपनीत ड्रायव्हर, राहायला अरादला. मुलाच्या घरच्यांनी त्यांना कळवलं होतं, दळवींची गाठ घ्या, माणूस कसा आहे, काय करतो, ते बघून सांगा. मामा सांगतील तसं होणार होतं.

"मुहर्रकला आम्ही एका खोलीत सहा जण. तिथं त्यांना कुठं बसवू? एक सुट्टीचा शुक्रवार तुमचा हॉल द्या. ओळखीच्या घरी भेटलो, असं म्हणेन."

आमच्या ह्यांचा स्वभाव हिशेबनिसाचा. खोटी बेरीज त्यांना झोपू द्यायची नाही. ते म्हणाले, "बोलवा खुशाल. विचारलं नाही तर आम्ही सांगणार नाही. पण विचारलं तर खोटं बोलायला लावू नका." दळवींनी मान हलवली. जाताना माझ्याकडं असं पाहून गेले, की मला रात्री जेवण गेलं नाही.

शुक्रवार उजाडला. मिनूला मी शेजारी पाठवून दिलं. तिला मराठीत काही विचारलं तर ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, आणि ते नेहमी खरं असायचं. दळवी नवा शर्ट घालून आले. मी म्हटलं, सोफ्यावर जरा मागं टेकून बसा, पाहुण्यासारखे. ते टेकले, पण पाय गालिच्याच्या बाहेर ठेवून.

मोहितेमामा आले ते चहाच्या वेळेला. दांडगा माणूस, आवाज बारीक. बोलणं कमी आणि डोळे सगळीकडं. घराणं, गाव, देवीचा मान, सगळं बोलून झालं. दळवी नीट बोलत होते. मामांनी नोकरीचं विचारलं, तेव्हा दळवी म्हणाले, "ऑफिसात आहे." तेही खोटं नव्हतं.  पोहे आणायला मी आत गेले, अंधारून आलं म्हणून जाता जाता देवापाशी दिवा लावला.

अंधार संध्याकाळचा नव्हता. वाळूचं वादळ आलं होतं. वाऱ्यानं एकदम खिडक्या आपटल्या, पडदे छतापर्यंत गेले, आणि मी हातात पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले तर दळवी जागेवर नव्हते.

विचार करायला त्यांना वेळच मिळाला नव्हता. हात आपले आपण चालले. कोपऱ्यातली खिडकी जरा वर उचलून ओढल्याशिवाय बसत नाही, त्यांनी उचलून ओढली. पॅसेजमधल्या कपाटाच्या खालच्या खणातून जुने टॉवेल काढले, मोरीत ओले केले, बाल्कनीच्या दाराखाली आणि एसीच्या फटीत दाबून बसवले. येता येता दारामागचं फडकं काढून टीपॉय पुसला, मामांचा कप उचलून त्याखालची जागासुद्धा पुसली. आणि तोंडातून निघून गेलं, "खलास."

मग त्यांना भान आलं. हातात फडकं, समोर मामा. आमचे हे चष्मा पुसत बसले.  काचेवर वाळू आपटत होती, तेवढाच आवाज.

मामा माझ्याकडं वळले. "वहिनी, घर तुमचं. तुम्हीच सांगा. हे तुमच्याकडं काय करतात?"

 हो म्हणावं तर कुंदाचं लग्न माझ्या तोंडानं मोडतंय. नाही म्हणावं तर आत दिवा लावून आलेय. तुम्हाला सांगते, त्या बशांचं वजन मला पेलवेना.

"त्यांना नका विचारू," दळवी म्हणाले. "आत्ताच दिवा लावून आल्यात त्या. मी सांगतो. मी ह्या घरात केर काढतो, फरशी पुसतो. आणखी तीन घरी तेच. ऑफिसात आहे तो फर्राश आहे. ब्यांकेत मी कधीच नव्हतो."

मामा उठले. आमच्याकडं मुलीच्या घरचं पाणी न पिता उठलं म्हणजे काय ते कुणी सांगावं लागत नाही, आणि त्यांच्या चहाला अजून तोंड लागलेलं नव्हतं. ते दारापर्यंत गेले. दार उघडलं, तर जिन्यात हात पुढं केला तर दिसेना. खाली त्यांचा पिकअप कुठं आहे, कळायला मार्ग नाही. समुद्रावरच्या पुलावरून अरादपर्यंत जाणार कसे? दार लावून परत येऊन बसले. रागावलेला माणूस आणि ज्याच्यावर रागावला तो, दोघं समोरासमोर, आणि कुणालाच घराबाहेर पडता येत नाही, अशी ती संध्याकाळ. मी पुन्हा चहा टाकला. दुसरं करणार काय?

चहा समोर आल्यावर मामांनी विचारलं, "मुलीला माहीत आहे?"

"नाही."

"तिच्या आईला?"

"नाही."

"म्हणजे मला फसवायला तुम्ही आज बसलात, पण घरच्यांना वर्षानुवर्षं फसवताय." मामांचा आवाज तसाच बारीक. "दळवी, मी गाडी पुसतो मालकाची. रोज. माझ्या गावाला माहीत आहे. केराचं मला काही नाही. पण खोटं सांगणाऱ्या बापाची मुलगी मी बहिणीच्या घरात कशी नेऊ? उद्या तिथं कळलं तर बोलणी कुणी खायची? त्या पोरीनं."

दळवी खाली बघत होते. "मग मोडलं म्हणायचं?"

"ते मी ठरवणार नाही. तुमच्या पोरीला तुम्ही तुमच्या तोंडानं सांगा. मला ऐकू दे. मग बघू."

वादळ निवळल्यावर ते गेले. चहा मात्र पिऊन गेले. कपात वाळू होती, तरी.

पुढचा आठवडा कसा गेला, विचारू नका. दळवींनी तार करून कुंदाला शुक्रवारी गावच्या पोस्टात बोलावलं. बापाची तार आली म्हटल्यावर त्या मुलीच्या आणि तिच्या आईच्या जिवाची काय घालमेल झाली असेल, कोण जाणे. आमच्या फोनवरून ट्रंक कॉल नोंदवला. मामा खुर्चीत, दळवी फोनशेजारी उभे. बसा म्हटलं तर बसेनात. दोनदा लाइन लागली आणि तुटली. प्रत्येक वेळी ते शर्टाची कॉलर सारखी करायचे.

तिसऱ्यांदा लागली. त्या काळी ट्रंक कॉलवर ओरडावंच लागायचं, आणि पलीकडचंही खोलीभर ऐकू यायचं.

"कुंदा, सगळं बरं आहे. घाबरू नको. ऐक. मी ब्यांकेत नाय गो. मी फर्राश आहे. आणि लोकांची घरं झाडतो. पुसतो. ऐकतेस ना?"

तिकडून नुसती खरखर. लाइन तुटली असं आम्हाला वाटलं. ऑपरेटर मध्येच म्हणाला, टाइम होत आला. 

आणि मग तो आवाज आला, रडवेला, पण खणखणीत. "लोकांची घरं झाडता? मग सुट्टीवर आलात की ओटीवर बसून आईवर कशाला ओरडता, ह्या कोपऱ्यातला केर दिसत नाय काय, त्या कोपऱ्यातला दिसत नाय काय? तिची कंबर गेलीय, बाबा. एकदा तरी घ्यायचात तिच्या हातचा झाडू."

लाइन गेली ती गेलीच.

दळवी रिसीव्हर कानाला लावून तसेच उभे. मी त्यांच्या हातातून काढून घेतला. त्या न पाहिलेल्या मुलीची पाठ थोपटावी असं वाटत होतं. आमचे हे खिडकीतून बाहेर बघत होते.

मामा उठले. दळवींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ही पोरगी आमच्याकडं हवी. आमच्या घरात खरं तोंडावर बोलणारं एक माणूस नाही. आता बहिणीला मी काय सांगायचं ते सांगतो. तारीख तुम्ही काढा."

लग्न वैशाखात निघालं. आम्ही त्याच सुमाराला सुट्टीवर होतो. सांगलीहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला मुक्काम केला आणि सकाळच्या पहिल्या एस.टी.नं गावाला गेलो. घर वरच्या आळीला. मांडव घातलेला, तोरणं लावायची होती. ओटीवर गावचे मानकरी, फेटे बांधलेले, तंबाखू मळत बसलेले. आणि ते सगळे एकाच दिशेला बघत होते.

अंगणात लुंगी-बनियनवर दळवी केर काढत होते. घाई नाही, इकडंतिकडं बघणं नाही. पायरीवर त्यांच्या बायकोला बसवलेलं होतं. त्या माउलीला मेल्यासारखं झालं होतं. मला बघून ती ओळखपाळख नसताना म्हणाली, "बाय, तुम्ही तरी सांगा ह्यांना. चार लोकांत काय चाललंय बघा. देत नाहीत मेला झाडू."

ओटीवरून कुणीतरी खाकरलं. एकजण हसलाही. दळवींनी वर पाहिलं, आम्हाला पाहिलं, आणि झाडू न थांबवता म्हणाले, "वहिनी, जरा तिथंच थांबा. पाय भरतील."

आम्ही बॅगा घेऊन थांबलो. ते अंगणभर फिरून माझ्यापर्यंत आले, केराचा ढीग केला, कमरेवर हात ठेवून सरळ झाले. इतक्यात आतून हळद लागलेली एक मुलगी दारात आली. बारीकशी, नाक बापाचं. तिनं मानकऱ्यांकडं पाहिलं नाही, आमच्याकडं पाहिलं नाही, अंगणावरून नजर फिरवली.

"बाबा," ती म्हणाली, "तुळशीमागचं राहिलं."

दळवी मागं वळले आणि पुन्हा वाकले.